तिसरं कार्ड

भोंगा वाजला तेव्हा मी कोपरीच्या विहारात खीर वाढत होते. धम्मचक्र प्रवर्तन दिन, सगळीकडे पांढऱ्या साड्या, आणि माझ्या पर्समधून रुग्णवाहिकेसारखा आवाज. तो मीच निवडलेला होता. झोपेत असले, आंघोळीत असले, तरी दुर्लक्ष करता येऊ नये म्हणून.

सुट्टीच्या दिवशीच वाजणार, दुसरं काय! लबाडी करणाऱ्यांना आमच्यापेक्षा कॅलेंडर पाठ असतं.

मी माजिवड्यातल्या एका लहानशा कंपनीत ब्राउझर बनवते. साध्या फोनवर चालतो, मराठी अक्षरं न मोडता दाखवतो, म्हणून लोक वापरतात. त्यातला माझा भाग मात्र कुणाला दिसत नाही. तुम्ही उघडलेली साइट खरंच तीच आहे की तिचं सोंग घेऊन दुसरंच कुणी बसलंय, हे ठरवणं माझं काम. प्रत्येक साइटजवळ ओळखपत्रासारखं एक प्रमाणपत्र असतं. ती देणाऱ्या कंपन्या वेगळ्या. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र त्यांना एका जाहीर नोंदीत टाकावं लागतं. माझा प्रोग्राम त्या नोंदी वाचत बसतो, आणि मी सांगून ठेवलेल्या साइटच्या नावावर अनोळखी प्रमाणपत्र निघालं की बोंब मारतो.

त्या दिवशीची बोंब 'सोबत'च्या नावाने होती.

खिरीचं पातेलं तिथेच ठेवून मी आईला शोधलं. माझी आई शांताबाई 'सोबत'चं काम करते. घरातल्या मारहाणीतून पळालेल्या बायकांना लपायला जागा शोधून द्यायची, एवढंच ते काम. आणि एवढंच म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटते.

"आई, तुमच्या साइटचं काही नवीन काम काढलंय का कुणी?"

"आज? नाही गं. सगळे सणात आहेत. का?"

"तुमच्या नावाने कुणीतरी प्रमाणपत्र काढलंय. खोटं."

तिला प्रमाणपत्राचं फारसं कळत नाही, पण माझा चेहरा कळतो. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "मेघना, आज रुपाली साइट उघडणार आहे."

रुपालीबद्दल मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं. नवऱ्याने हात मोडला होता, तो नीट जोडून यायच्या आत ती निघाली. सध्या कल्याणात तिच्याच कुणा ओळखीच्या बाईकडे होती. कुठे, ते 'सोबत'मध्ये कुणालाच, आईलाही, माहीत नव्हतं. कोण कुठे आहे हे गरज पडल्याशिवाय कुणालाच कळू द्यायचं नाही, असा 'सोबत'चा नियम. रुपालीने सिमकार्ड काढून टाकलं होतं. आज जेवणं झाली की त्या घरच्या वायफायवर ती साइट उघडणार, आपला परवलीचा शब्द टाकणार, आई तिथे टाकेल तो टिटवाळ्यातल्या नव्या घराचा पत्ता वाचणार आणि निघणार.

"तू पत्ता टाकूच नकोस," मी म्हटलं.

"मी नाही टाकला, तर तो टाकेल. खोटी साइट त्याचीच असली तर त्याला पाहिजे तो पत्ता टाकेल ना तो?"

माझी आई सातवी शिकलीय. मला जे सुचायला पाहिजे होतं ते तिला आधी सुचलं.

"तो म्हणजे कोण?"

"तिचा दीर. कल्याण पूर्वेला केबलचा, नेटचा धंदा आहे त्याचा. अर्ध्या बिल्डिंगींत त्याचीच वायर गेलीय. ती ज्या घरात आहे तिथेही असेल."

म्हणजे सगळं जुळलं. वायर त्याची, त्यामुळे रस्ता त्याचा. ओळखपत्र खोटं, पण दिसायला अस्सल. रुपाली 'सोबत' उघडेल आणि तिला 'सोबत'च दिसेल. मग ती आपल्या पायांनी चालत त्याने सांगितलेल्या दारात जाऊन उभी राहील. पोलिसांना कळवायचं म्हटलं तरी कुठल्या दारावर जा म्हणून सांगणार?

"लाल पान आलं तर थांबेल ती," आई म्हणाली. "मी सगळ्यांना शिकवलंय. लाल पान आलं की आहे तिथेच थांबायचं, कुणाचा तरी फोन मागायचा आणि मला लावायचा. नाही आलं, तर बिनधास्त पुढे."

लाल पान माझं. साइट खोटी निघाली की आमचा ब्राउझर पडदाभर लाल रंग दाखवतो आणि वर ठळक अक्षरांत एकच वाक्य. 'तरीही पुढे जा' असं बटण त्यावर नाही. ते नसावं म्हणून मी ऑफिसात भांडभांड भांडलेली. आईने ते पान कोपरीपासून टिटवाळ्यापर्यंतच्या बायकांना दाखवून ठेवलं होतं: माझ्या लेकीने बनवलंय, ते खोटं बोलत नाही.

आणि आज ते येणारच नव्हतं. कारण माझ्या ब्राउझरच्या लेखी ते प्रमाणपत्र खरं होतं.

"तू घरी जा. फोन हातात धरून बस," मी आईला म्हटलं आणि रिक्षा पकडली.

कोपरी पुलावर रिक्षाच्या आरशाला लावलेलं झेंडूचं तोरण माझ्या डोळ्यांसमोर झुलत होतं आणि मी एकेकाला फोन लावत होते. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीला आधी लावला. आणीबाणीच्या नंबरवर एका झोपाळू मुलाने सगळं उतरवून घेतलं आणि 'चौकशी करून कळवतो' म्हणाला. त्यांची चौकशी होईपर्यंत रुपालीचं काय होईल हे मी त्याला सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

ते रद्द करायची वाट बघत बसायचं नव्हतं. आमच्याकडे आमची स्वतःची यादी आहे, नाकारलेल्या प्रमाणपत्रांची. ब्राउझर उघडला की फोन आधी ती यादी घेतो, मगच साइट दाखवतो. वाटेत कुणी तिच्यात फेरफार केला तर सही जुळत नाही. कुणी अडवली तर साइटच उघडत नाही. यादीत एक ओळ टाकली की रुपालीच्या फोनवर लाल पान.

पण त्या यादीवर सही करायला तीन कार्डं लागतात.

हा नियमही माझाच. एकूण कार्डं चार, चार माणसांकडे: मी, आमचे मुख्य सुधीर सर, हर्षित आणि सलील. प्रत्येकाने आपलं कार्ड आपल्याजवळच ठेवायचं, पिन आपल्या डोक्यात. सही करायचं मशीन ऑफिसच्या आतल्या खोलीत, कुठल्याही नेटला न जोडलेलं. तीन माणसं समोरासमोर आल्याशिवाय ते हलत नाही. कशावर विश्वास ठेवायचा हे यादी ठरवते. मग ती बदलायची ताकद एका-दोघांच्या हातात कशाला द्यायची? उद्या कुणी धमकावलं, फितवलं, तर? आमच्या साइटवर हे मी ठळक अक्षरांत लिहिलंय. मला त्याचा अभिमान होता. खूप होता.

माझं कार्ड पर्सच्या चोरकप्प्यात असतं. सुधीर सर माजिवड्यातच राहतात, ते पोचतच होते. सलील महिनाभर जर्मनीत बहिणीकडे. उरला हर्षित, डोंबिवलीजवळ भोपरला.

"कार्ड घे आणि नीघ," मी म्हटलं.

पलीकडून आईला काहीतरी विचारल्याचा आवाज आला.

"हर्षित?"

"अगं… कार्ड सापडत नाहीये."

"काय?"

"काल खंडेनवमी होती ना. आईने सगळी हत्यारं पुजली. बाबांचा कोयता, ट्रॅक्टरची चावी. माझं काय ठेवायचं म्हणून विचारलं तर मी कार्ड दिलं. तेच माझं हत्यार ना!" त्याचा आवाज रडवेला झाला. "आज सकाळी घट हलवले तेव्हा फुलांबरोबर तेही उचललं गेलं. निर्माल्यात. आई नि मी तलावावर चाललोय, तिथल्या निर्माल्य कलशात बघायला."

भांडण करायला समोर देवी होती.

"बघ," मी म्हटलं. "आणि सापडलं तर तसाच ये."

ऑफिसात पोचले तर तिथेही तेच. प्रत्येक कॉम्प्युटरला हार, कीबोर्डवर हळदीकुंकू, सर्व्हरच्या कपाटावर स्वस्तिक. सुधीर सर आतल्या खोलीत मशीन चालू करून बसले होते. सणाचा कुर्ता, कपाळाला गंध. पन्नाशीचा शांत माणूस. मी या कंपनीत आले तेव्हा माझ्यावर पहिला विश्वास त्यांनी टाकला होता.

मी हर्षितचं सांगितलं. मी यादीतली ओळ तयार केली, परत परत तपासली. माझं कार्ड घातलं, पिन टाकला. त्यांनी त्यांचं घातलं. मशीनने तिसरं मागितलं आणि पडद्यावर ते चौकट लुकलुकवत बसलं.

आईचा फोन. "झालं का गं?"

"होतंय."

"जेवणं आटपली असतील आता लोकांची."

मी फोन ठेवला. हर्षित लागत नव्हता. शिळफाट्यावर आज काय गर्दी असेल हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला लागत नाही. कार्ड आत्ता सापडलं असतं तरी ते वेळेत पोचलं नसतं.

सुधीर सर उठले, बाहेर त्यांच्या टेबलाशी गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. परत आले आणि माझ्यासमोर एक कार्ड ठेवलं. मागे बारीक अक्षरात नाव: सलील.

"जाताना माझ्याकडे ठेवून गेला," ते म्हणाले. "पिनही दिलाय."

मी ते नाव पुन्हा वाचलं.

"कधीपासून?"

"गेला तेव्हापासून. अगं, माणूस गावाला जाताना घराची चावी शेजारी ठेवतो की नाही? अडीनडीला असावी म्हणून."

आमच्या घरी दाराच्या आत एक खिळा आहे. त्यावर चाळीतल्या निम्म्या घरांच्या चाव्या लटकतात. माझ्या आईकडे ठेवतात सगळे, आणि मी त्यातच वाढले. मला चावी ठेवणं कळतं. म्हणूनच माझं डोकं सणकलं.

"सर, म्हणजे महिनाभर तुम्ही आणि हर्षित, किंवा तुम्ही आणि मी, दोघंच काहीही सही करू शकत होतो. मी लोकांना सांगितलंय तिघं लागतात म्हणून!"

"केलं का कुणी काही?"

"प्रश्न तो नाहीये!"

"मेघना." त्यांनी आवाज चढवला नाही. "आत्ता प्रश्न ती मुलगी आहे. घाल कार्ड. भांडण नंतर कर."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त ते बरोबर बोलत होते याचा आला. इतकी वर्षं मी नियमाच्या बाजूने बोललेय. सोय म्हटली की अंगावर धावून गेलेय. आणि आता माझ्या डोळ्यांसमोर गळ्यात हात बांधलेली एक बाई कल्याणातल्या कुठल्यातरी खोलीत फोन उघडत होती. मी नाही म्हटलं असतं तर नियम जिवंत राहिला असता. ती राहिली असती का, हे मला माहीत नव्हतं.

मी कार्ड उचललं आणि खाचेत घातलं. पिन सुधीर सरांनी टाकला. मशीन जरा घुटमळलं आणि हिरवं झालं: तीन व्यक्तींची सही पूर्ण.

तीन व्यक्ती. खोलीत आम्ही दोघं होतो.

मी यादी पाठवून दिली. पुढे करण्यासारखं काही नव्हतं. सुधीर सर खिडकीशी उभे राहिले, मी फोन टेबलावर ठेवून तासभर त्याच्याकडे बघत बसले. तिने आधीच साइट उघडली असेल तर? पत्ता वाचून निघाली असेल तर? ज्याला साधी प्रार्थना येत नाही त्याच्यासारखी मी मनातल्या मनात एकच शब्द घोकत होते: थांब, थांब, थांब.

फोन वाजला. आईचा. मला उचलवेना. सुधीर सरांनी उचलून स्पीकरवर टाकला.

"मेघे!" आई हुंदके देत होती. "आला फोन तिचा. त्या बाईच्या फोनवरून केला. म्हणाली, मावशी, लाल पान आलंय, मी काय करू? म्हटलं, बाय माझी, जागची हलू नकोस. आमच्या दोघी निघाल्यात तिला आणायला."

मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. सुधीर सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांचेही डोळे भरले होते.

मग डोळे पुसून मी कीबोर्ड पुढे ओढला आणि यादीसाठी दुसरी ओळ लिहायला घेतली.

"आता काय?" त्यांनी विचारलं.

"आपली सही. ही चार कार्डं. ती नाकारायची. एकदा ही ओळ गेली की यापुढे या कार्डांनी केलेलं काहीही कुठलाच फोन मानणार नाही. नवी कार्डं करू, नवी सही, ब्राउझरची नवी आवृत्ती. आणि का केलं ते जाहीर लिहू."

"वेडी आहेस का? फोनवाल्या कंपनीबरोबर पुढच्या आठवड्यात करार आहे. आपला ब्राउझर प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून असणार. आणि आपण काय सांगणार, आमच्या चाव्या ड्रॉवरमध्ये पडल्या होत्या?"

"पडल्याच होत्या."

"त्या ड्रॉवरमुळेच ती वाचली!"

खरं होतं ते. ती त्या ड्रॉवरमुळेच वाचली होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि हर्षित आत आला. कोपरापर्यंत चिखल, केसांत झेंडूची पाकळी. मागे त्याची आई, कमळाबाई, नऊवारीचा काष्टा खोचलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत कार्ड, हळदीने पिवळंधमक.

"मना काय ठावं पोरी," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "मना वाटला त्याचा हत्यार हाय, म्हनून पुजला. आख्खा कलश उपसला आम्ही. झाला का काम? वाचली का पोर?"

"वाचली, मावशी."

त्यांनी दोन्ही हात जोडले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून घेतलं. हर्षितला मी थोडक्यात सगळं सांगितलं. सलीलच्या कार्डाबद्दल ऐकल्यावर त्याने सुधीर सरांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मग ती दुसरी ओळ वाचली. काही न विचारता त्याने स्वतःचं कार्ड स्पिरिटने पुसायला घेतलं.

मी माझं घातलं, पिन टाकला. हर्षितने त्याचं घातलं. पहिल्यांदा मशीनने वाचलं नाही. त्याने चिप पुन्हा घासली, पुन्हा घातलं. वाचलं. आता तिसरं हवं होतं. सलीलचं कार्ड टेबलावर माझ्या हाताशीच होतं आणि पिन टाकताना कुठली बटणं दाबली गेली होती ते मी नको म्हणत असताना माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं. मी ते कार्ड उलटं करून दूर सरकवलं.

"मी नाही घालणार," सुधीर सर म्हणाले. "वाईट काही घडलेलं नाही, मेघना. चांगल्या हेतूने ठेवलेली वस्तू चांगल्या कामी आली. त्याची शिक्षा कसली?"

फोन वाजला. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीचा. आता झोपाळू मुलगा नव्हता, कुणी वरिष्ठ बाई होत्या. फोन अजून स्पीकरवरच होता.

"तुमची तक्रार बरोबर आहे. ते प्रमाणपत्र आम्ही रद्द केलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही दिलगीर आहोत."

"पण दिलं कसं?" मी विचारलं. "तुमच्याकडे एक माणूस अर्ज तपासतो आणि दुसरा मंजूर करतो ना? दोन वेगळी माणसं?"

"हो. दोन वेगळी माणसं. त्यातल्या एक बाई गावी गेल्या होत्या. जाताना आपलं लॉगिन शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे ठेवून गेल्या. काम अडू नये म्हणून. चांगला मुलगा होता, सगळ्यांच्या विश्वासातला. त्याच्या ओळखीतून कुणीतरी शब्द टाकला, आणि दोन्ही मंजुऱ्या त्यानेच दिल्या."

मी आभार मानले आणि फोन बंद केला. पडद्यावर चौकट लुकलुकत होती.

सुधीर सरांनी सलीलच्या कार्डाकडे बघितलं. मग त्यांनी कुर्त्याच्या आतल्या खिशात हात घातला, स्वतःचं कार्ड काढलं आणि मशीनसमोर येऊन बसले. कार्ड खाचेत गेलं. बोटं बटणांवर आली आणि तिथेच थांबली.

"पिन टाकतोय," ते म्हणाले. "तोंडं फिरवा."

हर्षितने भिंतीकडे तोंड केलं. मी डोळे मिटले. कमळाबाईंनी तर पदरच डोळ्यांवर ओढून घेतला.